न टोचलेल्या सुया

२००४च्या जानेवारीत गाडीभोवतीचा बर्फ उपसताना माझी मान धरली. मॅसेच्युसेट्समधल्या श्रूजबरीत आम्ही दोघं, मी आणि बायको, एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. ऑफिसला निघण्याआधी फावडं घेऊन पार्किंगमध्ये उतरायचं हा हिवाळ्यातला नेमच होता. त्या दिवशी बर्फ पावसानं भिजून जड झाला होता. फावडं भरलं, उजवीकडं वळलो आणि मान तिथंच अडकली. पुढचे कितीतरी आठवडे कुणी बाजूनं हाक मारली तरी मी अख्खाच्या अख्खा वळायचो. गोळ्या झाल्या, फिजिओथेरपी झाली. शेवटी बायकोला तिच्या ऑफिसातल्या एका बाईंनी पत्ता दिला.

"अ‍ॅक्युपंक्चर करतात. जपानी आहेत, वयस्कर आहेत," बायको म्हणाली. मग म्हणाली, "आणि त्यांना दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ब्लाइंड आहेत. मी अपॉइंटमेंट घेतलीय. नको असेल तर कॅन्सल करते."

मी म्हणालो, कॅन्सल नको करूस. दुसऱ्या कुणी कॅन्सल केलीही असती. अंगात सुया टोचणारा माणूस आंधळा असावा ही काही पटकन पचणारी गोष्ट नाही. पण माझी मोठी बहीण आंधळी आहे, आणि मी तिच्याच हातचं खाऊन वाढलोय.

ताई लहान असताना तिला गोवर आला आणि त्यात तिचे डोळे गेले. माझा जन्म त्यानंतरचा. मिरजेच्या आमच्या घरात ती सगळं करायची. भाकरी थापायची, विहिरीचं पाणी शेंदायची, मला शाळेसाठी तयार करायची. अंधशाळेत ती वेताच्या खुर्च्या विणायला शिकली होती. गावातल्या दवाखान्यांतून, कोर्टातून, वकिलांच्या घरांतून फाटक्या खुर्च्या आमच्या ओसरीवर यायच्या आणि ताई बसून त्या विणायची. भिजवलेल्या वेताचा वास हा माझ्या लहानपणाचा वास. पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. वेताच्या खुर्च्या आधी कमी झाल्या, मग यायच्याच बंद झाल्या. मी अमेरिकेला निघालो तेव्हा ताई चाळिशीला आली होती आणि तिच्या हातांना काही काम उरलं नव्हतं. ती तसं बोलून दाखवायची नाही. पण फोनवर मी "काय चाललंय?" विचारलं की म्हणायची, "काय चालायचंय? बसलेय."

त्या जपानी गृहस्थांचा दवाखाना त्यांच्या राहत्या घरातच होता. आमच्या अपार्टमेंटमधून निघालं की एकाच सरळ रस्त्यावर, पुढं थोड्या अंतरावर. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. त्या अमेरिकन, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. आतल्या खोलीत एक अरुंद पलंग, एक स्टूल आणि एक कपाट. दिवा नव्हता. म्हणजे होता, पण तो लावायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या बायकोनं मागून येऊन तो माझ्यासाठी लावला.

त्यांनी माझ्या मानेला हातच लावला नाही. दोन्ही मनगटं धरून बराच वेळ नाडी पाहिली. मग पोटावर हलकेच हात फिरवला, मग पायांवर. पिंढरीवर एका जागी त्यांचं बोट थांबलं. तिथं त्यांनी एक बारीक नळी टेकवली. नळीच्या वर सुईचं टोक किंचित बाहेर आलेलं असावं. त्यावर बोटानं टिचकी मारली, नळी काढून घेतली आणि म्हणाले, "मान वळवा."

मी म्हणालो, "सुई टोचलीत?"

"टोचली."

मान पुरती वळली नाही, पण आधीपेक्षा वळली. सगळं पहिल्याच दिवशी बरं झालं असं काही नाही. मी हिवाळाभर जात राहिलो. मान सुटता सुटता सुटली. सुयांमुळं सुटली की उन्हाळा आल्यामुळं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण तिथं जायला मला आवडू लागलं होतं. ते सावकाश इंग्रजी बोलायचे, आणि सुया लावून झाल्यावर स्टुलावर बसून काहीबाही सांगायचे.

त्यांनी हे जपानातल्या अंधशाळेत शिकून घेतलं होतं. तिकडं अंधशाळेत हेच शिकवतात, आणि ही परंपरा काही शतकं जुनी आहे, हे ऐकून मी पलंगावर उठूनच बसलो. पाठीत सुया होत्या. त्यांनी मला परत झोपवलं आणि नळीची गोष्ट सांगितली.

फार वर्षांपूर्वी त्यांच्या देशात एक आंधळा मुलगा सुया शिकायला गेला. विद्या मूळची चीनची, कोरियातून भिक्षूंबरोबर जपानात आलेली. चिनी सुया जाड आणि खोलवर जायच्या. रोग्याला आत काहीतरी जड, बधिर झाल्यासारखं वाटलं की सुई पोचली असं समजायचं. या मुलाला ते जमेना. हात चुकायचा, रोगी ओरडायचे. गुरूनं त्याला काढून टाकलं. मुलगा समुद्रातल्या एका बेटावर गेला, तिथल्या गुहेत त्यानं देवीपुढं उपास केले. परत निघताना एका दगडाला अडखळून पडला आणि त्याच्या हाताला काहीतरी टोचलं. चाचपून पाहिलं तर एक पान गुंडाळलं जाऊन त्याची नळी झालेली, आणि त्या नळीत पाइनच्या झाडाची सुईसारखी पात. सुई नळीतून घातली तर हात चुकणार नाही आणि दुखणारही नाही, हे त्याला तिथं सुचलं. पुढं तो मोठा वैद्य झाला. तेव्हापासून जपानी सुया केसासारख्या बारीक झाल्या, आणि सुयांचं काम आंधळ्यांचं झालं.

"खरं आहे हे?" मी विचारलं.

"नळी खरी आहे," ते म्हणाले.

त्या रविवारी कॉलिंग कार्ड घासून मी मिरजेला फोन लावला आणि ही गोष्ट ताईला सांगितली. लाइन कट झाली की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"आहे, आहे. ऐकतेय," ती म्हणाली. मग विचारलं, "त्यांचे हात कसे आहेत?"

"म्हणजे?"

"अरे, मऊ का खरखरीत? गरम का गार?"

मला सांगता येईना. पुढच्या खेपेला मी लक्ष दिलं. कोरडे, गरम, आणि बोटांची टोकं मऊ. तसं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वेतानं माझी बोटं राठ झालीत. त्यांना चालली नसती."

तेव्हापासून दर रविवारी तिचा पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलचा असायचा. ती त्यांना गुरुजी म्हणू लागली. न भेटलेल्या माणसाला गुरुजी म्हणणारी माझी बहीण आणि मिरज कुठं आहे हे ठाऊक नसलेले तिचे गुरुजी, आणि मध्ये मी. गुरुजींनी एकदा तिच्यासाठी एक नळी दिली, नुसती, सुईशिवाय. पुण्याला निघालेल्या एका मित्राबरोबर मी ती पाठवली. आई फोनवर म्हणाली, "अरे, ती ते नळकांडं घेऊनच बसते दिवसभर."

बाबांना हे फारसं पसंत नव्हतं. "कान सोनारानंच टोचावेत," ते म्हणाले. "तिच्या डोक्यात भलतं भरवू नकोस."

२००६च्या मे महिन्यात गुरुजींना भेटायचं म्हणून ताई आमच्याकडं आली. मुंबईला व्हिसासाठी मामा तिच्याबरोबर गेले होते. बॉस्टनच्या विमानतळावर ती व्हीलचेअरमधून बाहेर आली ती चिडूनच. "माझे पाय धड आहेत म्हणून सांगतेय तर ऐकत नाहीत. बसा म्हणे." गाडीत बसल्यावर तिनं काच खाली करायला सांगितली आणि सगळा रस्ता तोंड वाऱ्याकडं धरून बसली. घरी पोचेपर्यंत तिनं एकच गोष्ट विचारली. "इथं कुणी हॉर्न वाजवत नाही?"

पहिल्या आठवड्यात मी तिला गुरुजींच्या घरापर्यंतचा रस्ता शिकवला. फूटपाथ सलग होता. एक गल्ली ओलांडावी लागे, तिथं गाड्या थांबून तिला जाऊ देत. तिची पांढरी काठी शाळेतून मिळालेली, मिरजेत नुसती कोपऱ्यात उभी असायची. तिथं रस्त्यावर काठी टेकायला जागा कुठली? हातगाड्या, गटारं, म्हशी, स्कूटर. मिरजेत ती घराबाहेर पडायची ती कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून. इथं एका सकाळी ती म्हणाली, "आज तू येऊ नकोस." मी बाल्कनीतून बघत उभा राहिलो. ती सावकाश, काठी इकडून तिकडं फिरवत, पुढच्या झाडांपर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. जन्मात पहिल्यांदा माझी बहीण एकटी रस्त्यानं चालत होती, आणि मला ते परक्या देशातल्या बाल्कनीतून बघावं लागलं, याचं वाईट वाटलं की आनंद झाला, तेव्हाही कळलं नाही.

पण पहिल्या भेटीला मी बरोबर होतो. ताईनं वाकून नमस्कार केला. गुरुजींना कुणीतरी वाकल्याचं जाणवलं असावं, कारण तेही वाकले. त्यांच्या बायको हसून मला हळूच म्हणाल्या, "दोघंही वाकले आणि दोघांनीही पाहिलं नाही."

गुरुजी त्या वेळी एका रोग्याच्या पाठीवर काहीतरी जाळत होते. तांदळाच्या दाण्याएवढी, कापसासारखी एक वाळकी वनस्पती चिमटीत वळून कातडीवर ठेवायची, उदबत्तीनं पेटवायची आणि पुरती जळण्याआधी बोटांनी विझवायची. त्याला ते मोगुसा म्हणायचे. खोलीत थोडा धूर होता. ताई दारातच थांबली.

"दवणा," ती म्हणाली.

"काय?"

"दवणा रे. चैत्रात जोतिबाला वाहतात तो. थोडा वेगळा आहे, पण त्याच्याच घरातला आहे."

मला नुसता धुराचा वास येत होता. मी गुरुजींना सांगितलं, माझी बहीण म्हणते की आमच्याकडं देवाला वाहतात त्या रोपाचा हा भाऊबंद आहे. गुरुजींनी कपाटातून एक पुडी काढली आणि त्यातला चिमूटभर मोगुसा ताईच्या तळहातावर ठेवला. तिनं चोळला, हुंगला. "तिकडं सगळीकडं उगवतो का?" तिनं मला विचारायला लावलं. गुरुजी म्हणाले, त्यांच्या गावात नदीच्या काठानं उगवायचा, वसंतात कोवळी पानं तांदळाच्या गोड गोळ्यांत घालून खायचे. मग त्यांनी ती पुडी बंद केली. त्यांचं गाव जपानच्या उत्तरेला होतं, बर्फाचं. त्यांची आई गेल्यापासून ते तिकडं गेलेच नव्हते. श्रूजबरीचा बर्फ पडताना ऐकला की गावच्यासारखाच वाटतो, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी त्यांना बर्फाचा आवाज येतो का असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "तुम्हाला येत नाही?"

ताई रोज जाऊ लागली. सुया शिकवायचं त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारलं. परवाना लागतो, शाळा लागते, तीन-चार वर्षं लागतात. तिला व्हिसावर एका वेळी सहाच महिने राहता येणार होतं. पण हातानं अंग चेपण्याची त्यांची जी जुनी पद्धत आहे, जी सुयांच्या आधी शिकवतात, ती शिकवतो म्हणाले. त्यांच्या बायको पलंगावर आडव्या व्हायच्या. गुरुजी ताईच्या हातावर आपला हात ठेवून किती दाबायचं ते दाखवायचे. भाषेची फारशी गरज पडत नव्हती. ताईचं शाळेतलं इंग्रजी त्या उन्हाळ्यात बाहेर आलं. शनिवारी मी जायचो तेव्हा राहिलेलं विचारून घ्यायची.

एका शनिवारी तिनं विचारलं, हे सगळं आलं कुठून? गुरुजींनी हात पुसले आणि स्टुलावर बसले. त्यांच्या शिक्षकांनी त्यांना जसं सांगितलं होतं तसं त्यांनी सांगितलं. जुने चिनी वैद्य म्हणायचे की प्रत्येक दिशेनं एकेक उपाय दिला. पूर्वेला समुद्र. तिथले लोक मासे आणि मीठ खातात, त्यांना गळवं होतात, म्हणून टोकदार दगडांनी टोचणं तिथून आलं. सुयांचे पूर्वज ते दगड. पश्चिमेला डोंगर आणि वाळू, तिथली माणसं दणकट, त्यांची दुखणी पोटातली, म्हणून औषधं तिकडून आली. उत्तरेला गारठा. माणसं उघड्यावर राहतात, दूध पितात, पोटात थंडी शिरते, म्हणून मोगुसा जाळून शेकणं तिकडचं. दक्षिणेला दमट हवा, आंबट खाणं, आखडलेले हातपाय, म्हणून सुया तिथल्या. आणि मधल्या सपाट प्रदेशात सगळं पिकतं, माणसं बसून असतात, म्हणून अंग चेपणं आणि व्यायाम मधल्यांचा. मग कोरियानं आपलं वेगळं केलं, जपाननं आपलं वेगळं केलं.

ताई म्हणाली, "विचार, मिरज कुठल्या दिशेला बसतं?"

मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "तिथं काय खातात?"

"ज्वारीची भाकरी आणि तिखट."

"आणि दुखलं की काय करतात?"

ताईनं जरा विचार केला. "सांग त्यांना, डाग देतात. बाबांच्या मनगटावर आहे. कावीळ झाली होती तेव्हा दिलेला. लोखंड तापवून."

मी सांगितलं. गुरुजींनी विचारलं की तो डाग नेमका कुठं आहे. ताईनं त्यांचा हात धरून त्यांच्या मनगटावर बोट ठेवून दाखवलं. "चांगली जागा नाही," ते म्हणाले. "पण ज्यानं कुणी दिला त्यानंही कुणाकडून तरी ऐकलं असेल." मग ताईला म्हणाले, "काविळीला लोखंड लावू नका. तुम्ही मधल्या दिशेच्या. चेपा."

त्यावर ती किती हसली. मी तिला इतकं हसताना मिरजेत कधी पाहिलं नव्हतं.

आमचे ओळखीचे मराठी लोक घरी यायचे, ताईला काही ना काही म्हणायचे. एक काकू म्हणाल्या, "देव एक काढून घेतो पण दुसरं देतो बघ. आंधळ्यांच्या हातात जादू असते." त्या गेल्यावर ताई मला म्हणाली, "हाताला कोण काय देतंय? सवय असते. मी वीस वर्षं खुर्च्या विणल्या म्हणून मला ताण कळतो. यांनी विणल्या असत्या तर यांनाही कळला असता."

ऑगस्टमध्ये गुरुजींनी तिला सुई हातात दिली. माणसावर नाही, एका संत्र्यावर. नळी टेकवायची, टिचकी मारायची, नळी काढायची, सुई बोटांत घोळवत आत सोडायची. संत्र्यातून रस आला तर चुकलं. साल आणि गर यांच्यामध्येच थांबायचं. ताई घरी येऊन आमच्या डायनिंग टेबलावर संत्री घेऊन बसायची. बायको म्हणायची, "ताई, यार, ज्यूस करायला तरी ठेवा." सगळी संत्री सुयांनी टोचलेली असायची, आणि एकातूनही रस आलेला नसायचा.

सप्टेंबरच्या अखेरीस मला म्हणाली, "तुझ्या हातावर एक टोचू?"

मी बाही वर केली. तिनं मनगटापासून वर बोटं मोजली, जागा चाचपली, नळी ठेवली. बराच वेळ बोट नळीवर टेकवून बसली. मग नळी उचलून घेतली.

"काय झालं?"

"गुरुजींनी सांगितलंय, नाही म्हणून."

"त्यांना कोण सांगणारंय?"

"मीच सांगीन की," ती म्हणाली.

तिला राहायचं होतं. मुक्काम आणखी सहा महिने वाढवून मिळण्याची शक्यता होती आणि तिनं स्वतः तो विषय काढला. गुरुजींनी बॉस्टनमधल्या एका शाळेत विचारतो म्हणून सांगितलं होतं. शाळा तिला घेईल की नाही, आंधळ्या परदेशी बाईला विद्यार्थी म्हणून व्हिसा मिळेल की नाही, मला काहीच माहीत नव्हतं. पण ती असं काही मागतेय हेच मला इतकं नवं होतं की मी हो म्हणालो. आम्ही वकिलाला भेटायची वेळ घेतली.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. बाबा न्हाणीघरात घसरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं होतं. आई म्हणाली, "तुम्ही कुणी काळजी करू नका, मामा आहेत." मी स्पीकर लावला होता. ताई ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "माझं तिकीट बघ."

"थांब ना. मी जाऊन येतो. तू इथं राहा."

"तू जाऊन काय करणार? दोन आठवडे उशाशी बसशील आणि परत येशील. त्यांना उठवायला, चालवायला कोण पाहिजे? आईला जमणारंय?"

"नर्स ठेवू."

"ठेव की. पण मी जाते."

मी खूप सांगून पाहिलं. वकिलाची वेळ, शाळा, सगळं. ती ऐकून घेत होती आणि बॅगेत साड्या घडी करून ठेवत होती. शेवटी म्हणाली, "मला काय जावंसं वाटतंय असं समजतोस काय?" एवढंच. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी ती एकटी गुरुजींकडं गेली आणि बराच वेळ आली नाही. मी न राहवून बघायला गेलो. रस्त्यावर मेपलची पानं पडली होती. ती मला अर्ध्या वाटेत भेटली. चालत नव्हती, फूटपाथवर नुसती उभी होती, काठी अंगाशी धरून.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. पानांवरून चालताना आवाज येतोय. ऐकत होते."

मी तिचा हात धरायला गेलो तर म्हणाली, "नको. आज नको." मी तिच्या मागून चालत आलो.

मिरजेत बाबा उठून बसले ते तिच्या हातानं. रोज सकाळ-संध्याकाळ ती त्यांचे पाय चेपायची, काठी घेऊन चालवायची. पुढच्या वर्षी संक्रांतीपर्यंत ते ओसरीपर्यंत येऊ लागले. त्यांचं बघून शेजारच्या बायका आल्या. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाची शिलाईच्या मशीनवर बसून आखडलेली मान. गल्लीतल्या सुतारानं तिला अरुंद पलंग करून दिला. बाबांनी एकदा फोनवर मला सांगितलं, "लोक रांग लावतात." सोनाराचं काही बोलले नाहीत.

सुया मात्र तिनं घेतल्या नाहीत. मी दोनदा विचारलं, पाठवू का? गुरुजी देतील. ती म्हणाली, "शिकले असते तर घेतल्या असत्या." कुणी तिला म्हणायचं, अमेरिकेतून सुया शिकून आलात ना, मग लावा की. ती म्हणायची, "मला फक्त संत्र्याला येतात." लोक हसायचे. मला ते फोनवर सांगताना ती हसायची नाही.

रविवारचे आमचे फोन चालूच होते. आता ती इथल्या रस्त्याबद्दलही विचारायची. बर्फ पडला का? कोपऱ्यावरच्या घरातलं कुत्रं अजून भुंकतं का? त्या गल्लीत गाड्या थांबतात का अजून? मला वाटायचं, परदेशातून गाव आठवणारा मी, आणि ही माझ्या परदेशाची अशी आठवण काढतेय. मला मिरजेच्या ओसरीची ओढ होती, तिथल्या तिच्या हाताची होती. तिला श्रूजबरीच्या फूटपाथची होती. दोघांपैकी कुणाजवळच आपल्याला हवं ते नव्हतं, आणि दोघंही एकमेकांच्या दारात राहत होतो.

२००८च्या उन्हाळ्यात गुरुजींनी काम थांबवलं. हात कापू लागला होता. त्यांच्या बायकोची बहीण अ‍ॅरिझोनाला होती, तिकडं जायचं ठरलं. निघण्याआधी मी त्यांना घरी बोलावलं आणि मिरजेला फोन लावून दिला. ताई इंग्रजीत बोलत होती, मोठमोठ्यानं, जसं काही अमेरिकेपर्यंत आवाज पोचवायचाय. त्यांनी तिला विचारलं, किती लोक येतात, कुठं चेपतेस, दमतेस का. मग म्हणाले, "तिथं बर्फ नसेल आता." तिला वाटलं ते मिरजेबद्दल विचारताहेत. ती म्हणाली, "नाही, इथं कधीच नसतो." ते स्वतःबद्दल, अ‍ॅरिझोनाबद्दल बोलत होते. मी दुरुस्त केलं नाही.

त्या डिसेंबरात मी मिरजेला गेलो. एका संध्याकाळी ताई म्हणाली, चल, जरा फिरून येऊ. मी काठी आणू का विचारलं. "इथं काठीचं काय काम?" ती म्हणाली आणि माझ्या कोपरावर हात ठेवला. आम्ही बाजाराच्या बाजूला गेलो. समोरून टमटम आली, मी तिला ओढून बाजूला घेतलं. भाजीवाल्या बायकांनी तिला ओळखलं. "ताई, परवा येते हां कंबर दाखवायला," एक म्हणाली.

परत येताना मी म्हणालो, "तुझा व्हिसा दहा वर्षांचा आहे. ये की परत."

"कुणाकडं येऊ? गुरुजी नाहीत तिथं."

"मी आहे."

ती माझ्या कोपराला धरून चालत राहिली. मग म्हणाली, "तू आहेस, ते बरोबर आहे. पण तुला भेटायला मी तिथं यायला नको. तू इथं यायला पाहिजेस."

माझं ग्रीन कार्ड अजून अडकलेलं होतं, नोकरी होती, बायकोची नोकरी होती. तिला ते सगळं माहीत होतं. तिच्या बोटांची टोकं आता मऊ झाली होती. कोपरावरून शर्टातूनही मला ती कळत होती. गल्लीच्या तोंडाशी दिवा गेला होता. ती माझा कोपर सोडून न अडखळता वळली, मी तिच्या मागून चाललो. घरात आईनं ताटं वाढून ठेवली होती आणि बाबा ओसरीवर बसून आमची वाट बघत होते.